मैत्रीचे मानसशास्त्र आणि वगळलेल्या अटी

१

कथा-कादंबरी-कवितेपलीकडच्या गद्याची मराठी समीक्षेने दखल घेतली, ती प्रामुख्याने निबंध, चरित्र, आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन यांच्यापुरती. माहितीपर लेख हा प्रकार तिच्या कक्षेबाहेरच राहिला. माहितीला विचारायचा प्रश्न एकच, ती खरी की खोटी. आणि तो त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाने विचारावा, अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासण्यासाठी एक परिचित नमुना पाहू. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येणाऱ्या ‘मैत्री दिना’च्या निमित्ताने वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून मैत्रीचे मानसशास्त्र सांगणारे लेख प्रसिद्ध होतात. लेखक बदलतात, संहितेचा सांगाडा बदलत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो या सांगाड्याचा. कोणा एका लेखकाचा नव्हे.

या लेखांचे श्रेय प्रथम नोंदवले पाहिजे. आपल्या परंपरेत मैत्रीविषयीचे लेखन बहुतांशी नीतिपर होते. ‘पंचतंत्र’, ‘हितोपदेश’, भर्तृहरीचे ‘नीतिशतक’ आणि वामन पंडितांनी त्याला दिलेले मराठी रूप या साऱ्यांत खरा मित्र कोणता आणि खोटा कोणता, याची लक्षणे सांगितली जातात. मैत्री जुळते कशी, विझते कशी, हा प्रश्न तेथे गौण असतो. माहितीपर लेखाने तो विचारात घेतला आणि एकाकीपणाविषयी मराठीत संकोच न बाळगता बोलण्याची सोय केली. हे काम लहान नाही.

तथापि, लेखाच्या क्रियापदांकडे पाहिले की वेगळेच काही दिसते. पूर्वार्धात ‘संशोधन सांगते’, ‘मानसशास्त्रज्ञ म्हणतात’ अशी वाक्ये येतात. कोणते संशोधन, कोणावर, कोठे, हे बहुधा येत नाही. उत्तरार्धात अकस्मात आज्ञार्थ सुरू होतो: जुन्या मित्राला फोन करा, वेळ काढा, अपेक्षा ठेवू नका. वर्णनाकडून उपदेशाकडे जाणारा हा प्रवास कोणत्याही युक्तिवादाशिवाय होतो. जुने सुभाषित आपण उपदेश करीत आहोत हे लपवीत नव्हते. नवा लेख उपदेशच करतो, मात्र विज्ञानाच्या नावाने.

२

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या लेखांतील माहिती सहसा खोटी नसते. तिच्या अटी वगळलेल्या असतात. अट गळाली की निष्कर्षाचा अर्थच बदलतो. चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण आकड्याचे. माणसाला सुमारे १५० जणांशीच स्थिर संबंध राखता येतात, हे विधान अशा लेखांत हमखास आढळते. रॉबिन डन्बर यांनी १९९२ मध्ये वानरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचे प्रमाण आणि त्यांच्या कळपांचा आकार यांच्या संबंधावरून हा अंदाज बांधला. मूळ अंदाजातच त्याची संभाव्य मर्यादा साधारण १०० ते २३१ इतकी सैल आहे. पुढे २०२१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्याच स्वरूपाची आकडेमोड पुन्हा करून, या मार्गाने असा एक आकडा निश्चित करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. लेखात मात्र १५० हा आकडा पंचांगातील तिथीसारखा निःशंक उभा असतो.

दुसरे उदाहरण वेळेचे. तोंडओळखीची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणवण्याला ९० आणि जिवलग होण्याला २०० तास लागतात, असे सांगितले जाते. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील माणसे कोण होती? नुकतीच नव्या ठिकाणी राहायला आलेली प्रौढ माणसे आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी. म्हणजे हा हिशेब जुने सोडून आलेल्यांचा आहे. जो बालपणापासून एकाच शिवारात वावरला, त्याने तास कोठपासून मोजावेत?

तिसरे उदाहरण परस्परतेचे. मैत्री देवाणघेवाणीवर टिकते, असे लेख म्हणतो. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी १९७९ मध्येच दोन प्रकारच्या संबंधांत भेद केला होता: जेथे दिल्याघेतल्याचा हिशेब ठेवला जातो तो एक, आणि जेथे गरज पाहून दिले जाते तो दुसरा. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत या भेदाची जाण फार पूर्वीपासून आहे. ‘सावड’ म्हणजे कामाच्या बदल्यात काम. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, आणि दिवस मोजलेले. ‘इर्जिक’ म्हणजे एकाच्या शेतासाठी अनेकांनी आपापली औते घेऊन एक दिवस यावे आणि त्याने त्यांना जेवू घालावे. दोहोंतही सहकार्य आहे, पण त्यांची नीती एक नाही. माहितीपर लेखातील ‘परस्परता’ हा शब्द हा भेद पुसतो. शास्त्रातला पुसतो आणि भाषेतलाही.

३

चौथे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण येथे वगळलेली अट सामाजिक आहे. ‘जवळ राहणारी माणसे मित्र होतात’ हा नियम लेखात सर्वाधिक ठामपणे येतो. त्याचा उगम लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांच्या १९५० च्या ग्रंथात आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत त्यांनी पाहणी केली. एकाच मजल्यावर लगतच्या दारी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी परस्परांना निकटचे म्हटले. एक दार सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. परंतु ही घरे रहिवाशांनी शेजारी पाहून निवडलेली नव्हती; जागा रिकामी होईल तशी ती मिळत गेली होती. शिवाय रहिवासी वयाने, शिक्षणाने आणि परिस्थितीने बरेचसे सारखे होते. अंतर एवढाच काय तो फरक उरावा, अशी ती परिस्थिती होती. म्हणूनच अंतराचा प्रभाव तेथे स्वच्छ दिसला.

हाच नियम सोलापूर जिल्ह्यातील मंद्रूपसारख्या गावी बसून वाचणारा वाचक डोळ्यांसमोर आणावा. सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, काळ्या जमिनीच्या आणि रब्बी ज्वारीच्या मुलखातले हे गाव. भाषा मराठी आणि कानडी अशा दोन्ही. प्रत्येक मजकूर आपला वाचक गृहीत धरतो. याच दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा (इ. स. १०१८) शिलालेख वाचणाऱ्याला विजयाचे आश्वासन देतो. तेव्हाही अभिप्रेत असतो तो अक्षरओळख असलेलाच. माहितीपर लेखाला अभिप्रेत असलेला वाचक शहरात सदनिकेत राहतो, नोकरीनिमित्त गाव सोडून आलेला असतो आणि मित्र ‘निवडतो’. मंद्रूपच्या वाचकाचा शेजार निवडीने आलेला नसतो, तसा तो योगायोगानेही आलेला नसतो. बांधाला बांध लागतो तो वाटणीने, भिंतीला भिंत लागते ती भावकीने. आणि कोणाची वस्ती गावठाणात व कोणाची गावाबाहेर, हे जातीने ठरवलेले असते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ही रचना मराठी वाचकाला पुस्तकातूनही माहीत आहे. दक्खनच्या जुन्या गावांत तिच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत.

अशा ठिकाणी ‘जवळची माणसे मित्र होतात’ हे वाक्य निरागस राहत नाही. अंतर हे तेथे कारण नसून परिणाम आहे. कोणी कोणाच्या जवळ राहायचे हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तिचे नावच या वाक्यात येत नाही. मग ‘समान माणसे एकमेकांकडे आकृष्ट होतात’ हा दुसरा नियम त्याला येऊन मिळतो आणि जातीअंतर्गत मैत्री हा जणू मनुष्यस्वभाव ठरतो. लेखकाचा असा हेतू नसतो, हे उघड आहे. परंतु संहितेचा अर्थ हेतूने मर्यादित होत नाही.

शास्त्राला दोष देऊन येथे भागणार नाही. एबेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका वसाहतीचा अभ्यास करून दाखवले की, नावडती माणसेही बहुधा जवळच राहणारी असतात. बांधावरून कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्याला हे सांगण्यास संशोधक लागत नाही. शास्त्राने आपली दुसरी बाजू स्वतःच मांडली होती. लेखाने तिला जागा दिली नाही.

४

यावर एक आक्षेप संभवतो. हजार शब्दांच्या लोकप्रिय लेखाकडून एवढी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर प्रबंधाचा भार टाकणे नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, पण तो जागेच्या अभावाविषयी आहे. अट सांगायला एक उपवाक्य पुरते: ‘नुकतेच स्थलांतर केलेल्यांत असे आढळले’, ‘घरे न निवडता मिळाली होती अशा वसाहतीत’. एवढे लिहिले की वाचकाला विचार करण्यास वाव मिळतो: माझे तसे आहे काय? उपवाक्य गाळले की वाचक विचारकर्ता राहत नाही, आज्ञाधारक होतो. म्हणजे हा प्रश्न शब्दसंख्येचा नसून वाचकाविषयीच्या आदराचा आहे.

साहित्यकृतीशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. बाबूराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत माहितीपर लेखाने सांगितलेल्या मैत्रीच्या बहुतेक अटी पूर्ण होतात: एकाच ठिकाणची नोकरी, रोजचा सहवास, मनांचा मेळ, आदरसुद्धा. जात कळताच हे सारे कोसळते. कथा कोणताही नियम सांगत नाही, पण नियमात न मावणारी अट ती वाचकासमोर उभी करते. मैत्री कशाने जुळते याबरोबरच ती कोणाला जुळू दिली जात नाही, हा प्रश्न तिच्यामुळे विचारावा लागतो.

हा प्रश्न मराठी विचाराला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वातंत्र्य आणि समता यांना तोलून धरणाऱ्या तत्त्वाचा विचार करताना ‘बंधुता’ हा शब्द अपुरा मानला आणि बुद्धाच्या ‘मैत्री’ या शब्दाला पसंती दिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही करुणेच्या पलीकडे मैत्रीपर्यंत जाण्याचे आवाहन आहे. तेथे मैत्री ही जवळिकीतून आपोआप उगवणारी भावना नाही. जेथे जवळीक नाकारली गेली तेथे जाणीवपूर्वक करावयाची ती कृती आहे. पुरवणीतील लेखाने वापरलेला ‘मैत्री’ हा शब्द तोच आहे, पण त्यातून हा सारा इतिहास वजा झाला आहे. उरली आहे ती आरोग्यास हितकारक अशी एक खाजगी सवय.

तेव्हा माहितीपर लेखाच्या मूल्यमापनाचे निकष तज्ज्ञावर सोपवून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. माहिती खरी आहे काय, या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावे लागतील: ती कोणाविषयी खरी आहे, तिच्यातून कोणती अट गळाली आहे, आणि ती गळाल्याने कोणत्या वाचकाचे जगणे अदृश्य झाले आहे. मराठीत आज सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या गद्यात या लेखांची गणना करावी लागेल. मंद्रूपच्या वाचकाला त्यात आपले गाव सापडत नसेल, तर उणीव त्याच्या वाचनात नसून त्या लेखनात आहे, एवढे तरी समीक्षेने स्पष्टपणे म्हटले पाहिजे.