उल्लास कारंत यांचे व्याघ्रसंशोधन : एक चिकित्सक परामर्श

भारतातील वन्यजीवविषयक लेखन दीर्घकाळ शिकारकथा आणि निसर्गप्रेम यांवर पोसले गेले. या क्षेत्राला मोजमापाची शिस्त लावणाऱ्या अभ्यासकांत के. उल्लास कारंत यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

कारंत मूळचे यंत्र अभियंता. पुढे त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचे शिक्षण घेतले. 1986 पासून कर्नाटकातील नागरहोळे अरण्य ही त्यांची प्रमुख कार्यभूमी झाली. त्या काळी देशातील व्याघ्रगणना पाऊलठशांवर अवलंबून होती. प्रत्येक वाघ ठशावरून ओळखता येतो व कोणताही वाघ गणनेतून सुटत नाही, ही तिची दोन गृहीतके होत. माती, उतार आणि चालीची गती यांनुसार एकाच पंजाचा ठसा बदलतो, त्यामुळे पहिले गृहीतक डळमळीत ठरते. कारंत यांचा अधिक मूलगामी आक्षेप मात्र दुसऱ्या गृहीतकावर होता. सुटलेल्यांचे प्रमाण ज्या पद्धतीत काढताच येत नाही, ती पद्धत त्यांच्या मते शास्त्रीय नव्हे.

त्यांनी दिलेला पर्याय कॅमेरा ट्रॅपचा होता. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. तोच वाघ छायाचित्रांत पुन्हा किती वेळा येतो, यावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो. संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्यासह 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नागरहोळेची घनता दर 100 चौ. कि.मी.ला 11.5 ± 1.70 वाघ अशी दिली आहे. आकड्यापुढील हे 'अधिक-उणे' चिन्हच या संशोधनाचे सार होय. आपण किती चुकू शकतो हे येथे संशोधक स्वतःच सांगतो. 2004 च्या निबंधात 11 ठिकाणांच्या आधारे भक्ष्य प्राण्यांची विपुलता आणि वाघांची घनता यांचा संबंधही त्यांनी मांडला. त्यामुळे वाघ वाचवणे म्हणजे प्रथम चितळ, सांबर, गवा वाचवणे, या विचाराला आकड्यांचा आधार मिळाला.

या आग्रहाचे मोल सरिस्काने दाखवून दिले. सरकारी कागदांवर वाघ नांदत असताना तेथे एकही वाघ उरला नसल्याचे 2004-05 मध्ये उघड झाले. पाऊलठशांच्या आधारे 2001-02 मध्ये देशात 3642 वाघ सांगितले गेले होते. 2006 च्या पाहणीत कॅमेऱ्यांचा वापर झाला आणि अंदाज 1411 वर आला. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे तेवढीच घट, असे मात्र म्हणता येत नाही, कारण पहिल्या आकड्याची चूकच मोजता येत नाही. कॅमेरे स्वीकारले गेल्यानंतरही, नमुन्यावरून विस्तीर्ण प्रदेशाचे अनुमान काढण्याच्या सरकारी रीतीवर कारंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये आक्षेप घेतले. ही सातत्यपूर्ण चिकित्सा त्यांच्या कारकिर्दीचे बलस्थान आहे.

मर्यादा दिसते ती माणसाच्या प्रश्नाशी. वाघांच्या वाढीसाठी मानवी वस्तीपासून मुक्त गाभाक्षेत्र हवे, अशी कारंत यांची भूमिका असून स्वेच्छेने व योग्य मोबदल्यासह होणाऱ्या पुनर्वसनाचा त्यांनी पुरस्कार केला. भक्ष्य आणि वाघ यांचा संबंध हे निरीक्षणसिद्ध विधान आहे. त्यासाठी अरण्यवासींनी स्थलांतर करावे, हे मूल्यविधान आहे. पहिल्याची अचूकता दुसऱ्याला आपोआप प्राप्त होत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला. 2025 मध्ये काही जेनू कुरुब कुटुंबे नागरहोळेतील आपल्या जुन्या वस्तीच्या जागी परतली, ही घटना तो प्रश्न मिटलेला नसल्याचेच सांगते. 'स्वेच्छा' हीदेखील तपासून पाहण्याची गोष्ट आहे. संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली आणि नकार देणे शक्य होते काय, हे वाघांच्या संख्येइतक्याच काटेकोरपणे विचारले पाहिजे.

सारांश, कारंत यांनी भारतीय वन्यजीवशास्त्राला प्रामाणिक अनिश्चितता शिकवली. त्यांचीच कसोटी संवर्धनाच्या सामाजिक दाव्यांना लावणे, हे पुढील अभ्यासकांचे कर्तव्य ठरते. तसे करण्यात त्यांच्या कार्याचा अवमान नसून त्याची स्वाभाविक परिणती आहे.