एका क्रीडांगणाचे अवशेष

क्रीडांगणाचे अवशेष देवळाच्या किंवा गढीच्या अवशेषांइतके सहज हाती लागत नाहीत. बॉस्टन येथील ब्रेव्ह्ज फील्ड हे १९१५ सालचे बेसबॉलचे मैदान १९५३ साली विद्यापीठाकडे गेले आणि पुढे तेथे इतर खेळ सुरू झाले. तथापि उजव्या अंगाच्या प्रेक्षागाराचा भाग व तिकीटघराची इमारत टिकून राहिल्यामुळे मूळ आखणी ताडता येते. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाविषयी ही सोय नाही. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना येथे झाला; लाला अमरनाथांनी दुसऱ्या डावात ११८ धावा काढल्या, तरी इंग्लंडने नऊ गडी राखून विजय मिळविला. प्रेक्षकांसाठी उभारलेले मंडप तात्पुरतेच होते. ते उतरले, १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले, आणि मोठे क्रिकेट तिकडे गेले. क्रिकेट येथून अगदी हद्दपार झाले असे नव्हे. परंतु पावसाळ्यात त्याच हिरवळीवर रग्बीचे जोडे उमटतात.

यात एक उपरोध आहे. शेजारच्या मोकळ्या मैदानावर युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्ट्या उखडल्या, म्हणून १८८१ च्या सुमारास देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले होते. जिमखान्याची स्वतःची हिरवळ मात्र सुरक्षित होती. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या झगड्याची हकीकत नोंदविली. ती वकिली थाटाची आहे, आणि तिचे बळही त्यातच आहे.

तथापि या मैदानाचा खरा मराठी अवशेष म्हणजे पालवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) हे आत्मचरित्र होय. ज्यांचे वडील बंधू बाळू यांना पुण्यात चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई, त्या विठ्ठलांनी १९२३ साली चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नेतृत्व केले. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी इतिहासात या पुस्तकाचा भरपूर उपयोग केला. मराठी समीक्षेने मात्र त्याची गणना खेळाच्या किरकोळ पुस्तकांत करून ते बाजूस ठेवले. ही उपेक्षा समर्थनीय नाही. जातीच्या कारणाने कर्णधारपद नाकारले जाण्याचा अनुभव ज्या घराण्याने घेतला, त्यातील एका कर्णधाराने आपल्या भाषेत लिहिलेला हा वृत्तांत दलित आत्मकथनांच्या पूर्वपीठिकेत वाचला गेला पाहिजे. गवत दरवर्षी नवे उगवते. त्यावर कोण खेळले आणि पॅव्हेलियनबाहेर कोण थांबले, हे त्यावरून कळत नाही.