राज्यसभेतील बाबासाहेब : अर्धे वाक्य आणि उरलेले भाषण

बाबासाहेबांचे राज्यसभेतील एक वाक्य आपल्याकडे दोन छावण्यांत पोचले आहे. घटना मी केली असे मित्र म्हणतात, पण ती जाळायला सर्वांत आधी मीच पुढे येईन, या आशयाचे ते उद्गार. घटनेचे वैरी ते मिरवतात, आणि आपले अनेक कार्यकर्ते ते अवघड जागेचे दुखणे म्हणून झाकून ठेवतात. गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने मला उभे राहून विचारले, "सर, हे खरे की खोटे?" खरे आहे, एवढेच मी त्या दिवशी सांगू शकलो. कधी, कोठे, कशावरून, हे मलाही धड ठाऊक नव्हते. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून बाबासाहेबांच्या नावावर शिकलो, त्याच नावावर व्याख्याने देतो. आणि त्यांच्या संसदीय कार्याचा हिशेब मला देता आला नाही. त्या ओशाळलेपणातून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला त्यांच्या भाषणांचा पंधरावा खंड घेऊन बसलो. हा लेख त्या वाचनाचा आहे.

१९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत ते पराभूत झाले आणि मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना हार पत्करावी लागली. निधनापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. या काळाकडे चरित्रकार बहुधा उतरणीचा काळ म्हणून पाहतात : प्रकृती ढासळलेली, मन धर्मांतराकडे लागलेले, सभागृहातली भाषणे म्हणजे वैफल्याचे स्फोट. ही मांडणी मला मान्य नाही. ही भाषणे एका सूत्रात बांधलेली आहेत. सूत्र असे : बहुसंख्येच्या हाती आलेल्या सत्तेला वेसण कोणी आणि कशाने घालायची?

आता ते वाक्य. २ सप्टेंबर १९५३. सभागृहापुढे आंध्र राज्याचे विधेयक होते. भाषावार राज्यात एकच बलिष्ठ जात सत्तेवर बसेल, मग लहान जमातींनी दाद कोणाकडे मागायची, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. अल्पसंख्यांच्या रक्षणासाठी राज्यपालांच्या हाती काही अधिकार असावेत, असे ते सुचवीत होते. घटना तर तुम्हीच केली, मग आता ही तक्रार कशी, असा टोला त्यांना बसला. त्यावर ते म्हणाले की आपण भाडोत्री लेखनिक होतो, पुष्कळसे मनाविरुद्ध केले. जाळण्याचे वाक्य येथे येते. पण भाषण तेथे थांबत नाही. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना डावलून चालणार नाही, त्यांना दुखावण्यातच लोकशाहीची सर्वांत मोठी हानी आहे, असे ते पुढे बजावतात. म्हणजे रागाचे मूळ घटनेत मूठभरांना मिळालेल्या संरक्षणात नव्हते, ते संरक्षण अपुरे पडण्यात होते. आज जे हे वाक्य मिरवतात, त्यांनी हे पुढचे वाक्यही मिरवावे. ते मिरवणार नाहीत.

१९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सदस्याने या वाक्याची आठवण करून दिली. तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला : आम्ही देवासाठी मंदिर बांधले, देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच असुराने ते बळकावले, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरते? दुसऱ्या एका सदस्याने म्हटले, मग असुराला मारा, मंदिर कशाला पाडता? बाबासाहेबांनी शतपथ ब्राह्मणाचा दाखला दिला. देव नेहमी असुरांकडून हरत आले, कारण अमृत असुरांपाशी होते.

या प्रतिमेपाशी समीक्षकाने थांबले पाहिजे. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त बळीला आपला पूर्वज मानले आणि देवासुरांची कथा उलटी करून वाचली. बाबासाहेब तर त्या परंपरेचे वारस. मग येथे असुर खलनायक कसा? माझे उत्तर असे की ते त्या सभागृहाला त्याच्याच भाषेत बोलत होते. पण तुमच्या पोथीतही चांगल्या हेतूंना विजय मिळत नाही, विजय अमृत ज्याच्याकडे त्याला मिळतो, हे त्यांनी तिथल्या तिथे दाखवून दिले. अमृत म्हणजे सत्ता, जमीन, नोकरशाही. चांगली घटना एवढ्याने भागत नाही, हा त्या विनोदाचा गाभा आहे.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. ती बांधली गेली तीच आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी. राज्यघटनेबद्दलची तक्रार वेगळी आहे : घर आपल्यासाठीही बांधले, ताबा दुसऱ्याने घेतला. हा भेद ज्याला कळला, त्याला ते वाक्य झाकण्याची गरज उरत नाही. आणि बाबासाहेबांनी घटना जाळली नाही, हेही लक्षात ठेवावे. ते पुन्हा पुन्हा त्याच सभागृहात जाऊन कलमांवर भांडत राहिले.

भांडणाचा विषय नेहमी ठोस असे. अस्पृश्यता गुन्ह्यांच्या विधेयकावर १६ सप्टेंबर १९५४ रोजी बोलताना त्यांनी नावालाच हरकत घेतली. हे नाव ऐकून वाटते की धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू दिला नाही, एवढाच हा मामला आहे. प्रश्न नागरी हक्कांचा आहे, तेव्हा नावही नागरी हक्क संरक्षणाचे हवे. ते तेव्हा मानले गेले नाही. १९५५ चा कायदा जुन्याच नावाने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीला वाव ठेवून आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले आणि तडजोडीची वाट बंद झाली. बाबासाहेबांचा शब्द पटायला राज्यकर्त्यांना बावीस वर्षे लागली. मधल्या काळात गावोगाव किती फिर्यादी 'समजुतीने' मिटल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

त्याच महिन्याच्या ६ तारखेला, अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना, त्यांनी जमिनीचा प्रश्न काढला. पडीक जमीन सरकारने घ्यावी, तेथे अस्पृश्यांची वसाहत करावी. पैसा कोठून? रद्द केलेला मिठाचा कर पुन्हा बसवा, पूर्वी त्यातून वर्षाला दहा कोटी रुपये येत. त्यातून गांधीजींच्या नावे निधी उभारा. दांडीच्या मिठातून अस्पृश्यांना जमीन! यातली बोचरी कलाकुसर कोणाच्याही लक्षात येईल. परंतु मिठाचा कर गरिबाच्याही ताटातून जातो, हे सांगितले पाहिजे. निदान अचूक होते, उपाय वादाचा होता. पुढे १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हा तेही राज्यसभेचेच सदस्य होते. सभागृह आणि सत्याग्रह या दोन वाटा एकमेकींना छेदतात, असे मानणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

उपाय चुकल्याची आणखी उदाहरणे आहेत. अल्पसंख्यांचा रक्षक म्हणून त्यांनी राज्यपाल सुचवला. पुढे या पदाचा वापर दिल्लीच्या सोयीसाठीच अधिक झाला. २६ ऑगस्ट १९५४ च्या परराष्ट्र धोरणावरील भाषणात तिबेट आणि चीनबद्दल त्यांनी दिलेला इशारा १९६२ ने खरा ठरवला. पण ज्या सीटो करारावरील आक्षेप त्यांना पटत नव्हते, ती संघटना १९७७ मध्ये विसर्जित झाली. भक्तीने वाचणाऱ्याला हे बोलणे रुचणार नाही. पण प्रत्येक उत्तर बरोबर असलेला माणूस पूजेला बरा, अभ्यासाला निरुपयोगी. बाबासाहेबांचे प्रश्न त्यांच्या उत्तरांहून दीर्घायुषी ठरले, हीच त्यांची थोरवी.

माझ्या वडिलांनी कसलेल्या गायरानाच्या तुकड्याची फाईल अजून एका कचेरीत पडून आहे. अतिक्रमणाची नोटीस मात्र वेळेवर येते. ६ सप्टेंबर १९५४ चे भाषण मी त्यांना वाचून दाखवले. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "मंग त्या दिवशी तितं बसलेल्या लोकांनी काय केलं?"

त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर देऊ शकतो. मात्र वडिलांच्या प्रश्नाला उत्तर खंडात सापडत नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल, आणि त्यासाठी आधी अर्धे वाक्य सोडून पुरते भाषण वाचावे लागेल.