जनतेच्या न्यायालयात काय ठरतं?



मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी मला गाठलं आणि म्हणाले, सर, नीतिशास्त्र पुरे झालं, एकदा निवडणुकीवर बोला. मी टाळत होतो. विधानसभेचा निकाल लागला २३ नोव्हेंबर २०२४ ला. इतक्या ताज्या गोष्टीवर तत्त्वज्ञानाच्या माणसानं घाईनं बोलू नये, असं मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. पण निकालानंतरच्या दोन महिन्यांत उजव्या बाजूनं जे भाष्य झालं, वर्तमानपत्रांत, यूट्यूबवर, आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर, ते वाचून-ऐकून मी अस्वस्थ झालो. विरोधकांचं भाष्य मला अस्वस्थ करत नाही, ते चुकतात तेव्हा मला बरंच वाटतं. हे भाष्य माझ्या घरातलं आहे, म्हणून बोलायचं.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' याला मराठीत धड शब्द नाही. 'सनातनी' म्हटलं की लोक सोवळं आठवतात, 'पुराणमतवादी' ही तर शिवीच. 'उजवा' ही फ्रान्सच्या सभागृहातली बसायची जागा, तिचा विचाराशी संबंध योगायोगाचा. मी माझ्यापुरता अर्थ सांगतो. आपल्याला मिळालेल्या संस्था, रीती, कायदे अनेक पिढ्यांनी चुकत-सुधारत घडवलेले असतात. एका माणसाची बुद्धी त्यांच्यापुढं तोकडी असते, तशीच एका दिवसाच्या बहुमताची बुद्धीही तोकडी असते. म्हणून बदल करावा, पण हात राखून. यातलं बहुमताबद्दलचं वाक्य आमची मंडळी विसरली, अशी माझी आजची तक्रार आहे.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी एकदा शेजारी-शेजारी ठेवू. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७, सांगलीत अपक्ष. पाच महिन्यांनी विधानसभेच्या २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१. म्हणजे तिघांच्या मिळून २३०. समोरच्या तीन मुख्य पक्षांच्या मिळून ४६. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश जागा लागतात असा प्रघात आहे, तेवढ्या एकालाही मिळाल्या नाहीत.

आता आमच्या बाजूचं जूनमधलं भाष्य आठवा. मतदार भुलला. 'संविधान बदलणार' हे खोटं नॅरेटिव्ह पसरवलं गेलं आणि भोळी माणसं त्याला बळी पडली. आणि नोव्हेंबरमधलं? मतदार सुज्ञ आहे, त्यानं दूध का दूध केलं, महाराष्ट्रानं आपला मूळ स्वभाव दाखवला. अहो, मतदार तोच! यादीत चार नावं वाढली असतील. मतदानाचा टक्का ६१ चा ६६ झाला, हेही खरं आणि महत्त्वाचं. पण जूनमध्ये भोळा असलेला समाज दिवाळीनंतर एकदम ऋषी होत नाही.

शिवाय जूनमध्ये दोन्ही बाजूंना मिळालेली मतं जवळजवळ सारखी होती, फरक जागांत पडला. नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन पक्षांना मतं मिळाली सुमारे ४८ टक्के आणि जागा ८० टक्के. यात बेकायदा काही नाही, आपली पद्धतच तशी आहे. पण जागांच्या आकड्यातून 'महाराष्ट्राचं मन' वाचणारा भाष्यकार पत्रिका बघणाऱ्यापेक्षा फार वेगळं काही करत नसतो.

डाव्यांचंही हेच झालं, फक्त आरशात. जूनमध्ये मतदारानं संविधान वाचवलं, नोव्हेंबरमध्ये यंत्रानं घात केला. त्यांचं त्यांनी बघावं.

नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मीमांसकांनी ती सहापर्यंत नेली. कुठल्याही दर्शनात 'बहुमत' नावाचं प्रमाण नाही. बहुमतानं राज्य कोणी करायचं ते ठरतं, आणि ते तसंच ठरावं. राज्यकर्त्याचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे त्यानं ठरत नाही. एडमंड बर्क, ज्याला आमच्या पंथाचा मूळपुरुष मानतात, १७७४ मध्ये ब्रिस्टॉलमधून निवडून आला. आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांवरचे निर्बंध या प्रश्नांवर त्यानं आपल्या मतदारांच्या मर्जीविरुद्ध भूमिका घेतली आणि १७८० मध्ये जिंकणं शक्य नाही हे दिसल्यावर त्यानं माघार घेतली. हरल्यामुळं त्याला आपली भूमिका चूक वाटली नाही. आज आमचे भाष्यकार बर्कचं नाव घेतात, तेव्हा हा १७८० चा बर्क त्यांना आठवतो का?

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढं आहे. निकालानंतर एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की मोजणं सोडून दिलं: 'जनतेच्या न्यायालयात निकाल लागला.' कशाचा निकाल? तर खरी शिवसेना कोणती, खरी राष्ट्रवादी कोणती, पक्षांतर झालं की नाही, याचा.

इथं थांबू. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं काय म्हटलं होतं? राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं. शिंदे गटाचा प्रतोद नेमण्याला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही. आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यावा. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला. शिंदे गट हाच खरा पक्ष आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. ज्याला कायद्याची चाड आहे त्यानं या निकालावर खूप काही लिहायला हवं होतं, बाजूनं किंवा विरुद्ध. तेव्हा आमच्याकडं लिहिलं गेलं थोडं. आणि आता म्हणतात, जनतेनंच ठरवलं, विषय संपला.

मला इथं अथेन्स आठवतं. इसवी सनापूर्वी ४०६. आर्जिन्युसीच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळं पाण्यात पडलेले आपलेच खलाशी वाचवता आले नाहीत. लोक खवळले. सगळ्या सेनापतींचा एकत्र, एकाच मतदानानं निकाल लावा, असा ठराव आला. कायदा सांगत होता, प्रत्येकाचा खटला वेगळा. सभेचं कामकाज चालवणाऱ्या मंडळात त्या वेळी सॉक्रेटिस होता. त्यानं ठरावाला विरोध केला. गर्दी ओरडत होती की लोकांना हवं ते करू द्यायचं नाही हा कसला अन्याय! सॉक्रेटिस एकटा पडला आणि हाती लागलेल्या सहा सेनापतींना मारलं गेलं. पुढं अथेन्सला पश्चात्ताप झाला. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

आपल्याकडं कोणाला मारलेलं नाही, मला माहीत आहे. पण 'लोकांना हवं तेच कायदा' हा युक्तिवाद तोच आहे. माझ्या बाजूच्या माणसांनी तो करावा, याचा मला त्रास होतो, कारण हा युक्तिवाद अडवण्यासाठीच आमचा विचार जन्माला आला. २०१९ मध्ये एका आघाडीनं मतं मागायची आणि दुसरीबरोबर सरकार करायचं, याला आम्ही जनादेशाचा विश्वासघात म्हटलं. म्हणायलाच हवं होतं. पण त्याच २०१९ मध्ये पहाटेचा म्हणून जो शपथविधी गाजला तोही २३ नोव्हेंबरलाच झाला होता. पाच वर्षांनी त्याच तारखेला निकाल लागला आणि आमच्याकडं फक्त दुसरी तारीख लक्षात राहिली.

लाडकी बहीण योजनेवर थोडक्यात बोलतो, कारण तिथं मी स्वतः पक्का नाही. २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या माना डोलल्या. २०२४ मध्ये राज्यानं २१ ते ६५ वयाच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या बायकांना महिना १५०० रुपये जाहीर केले. वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटी. निवडणुकीपर्यंत पाच हप्ते, म्हणजे ७५०० रुपये खात्यात पडले. प्रचारात एकानं २१०० म्हटलं, दुसऱ्यानं ३०००. मग रेवडीचा शब्दच भाष्यातून गायब. आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, काय केलंत पैशाचं? म्हणाल्या, "नवऱ्याला कळू दिलं नाही." त्या उत्तरानं माझ्या सगळ्या युक्तिवादात भोक पडलं. कुटुंबसंस्था जपायची म्हणणाऱ्या माणसानं त्या लपवलेल्या दीड हजारांबद्दल काय म्हणायचं? मला अजून नीट सुचलेलं नाही. पण रेवडी वाईट असेल तर ती आपल्या हातून वाटली तरी वाईट, आणि चांगली असेल तर २०२२ चं बोलणं मागं घ्यायला हवं. दोन्हीपैकी एकही कोणी केलं नाही.

आता मुख्य मुद्दा. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे या महापालिकांची मुदत मार्च २०२२ च्या आसपास संपली. तेव्हापासून प्रशासक आले, २०२५ च्या सुरुवातीलाही तेच होते. राज्यातल्या बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिकांची हीच गत होती. मुंबई महापालिकेचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक ६० हजार कोटींच्या घरातलं, काही राज्यांपेक्षा मोठं, आणि त्यावर बोट ठेवायला निवडून आलेला एक माणूस नव्हता. ७४ व्या घटनादुरुस्तीनं लिहून ठेवलंय की पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. कारणं आहेत. ओबीसी आरक्षणाबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन कसोट्या घालून दिल्या. मग आघाडी सरकारनं मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारनं परत २२७ केले, प्रकरण न्यायालयात अडकलं. म्हणजे दोष एकट्याचा नाही. पण तीन वर्षं?

उजव्या विचाराला जर कुठं घर असेल तर ते इथं आहे. माणूस राष्ट्रावर प्रेम करायला शिकतो तो आधी गल्लीवर, आळीवर, गावावर प्रेम करून. दिल्लीला आणि मंत्रालयाला सगळं कळत नाही, पाण्याच्या टाकीची चावी कुठं अडते ते वॉर्डातल्या माणसाला कळतं, हा तर आमचा पहिला धडा. फुले, टिळक, गोखले यांचं एकमेकांशी किती पटत होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तिघंही पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून बसले. त्यांना ते काम हलकं वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं. आम्ही चार म्हातारे क्षेत्रीय कार्यालयात गेलो. साहेब बैठकीत. दुसऱ्यांदा गेलो, साहेब बदलून गेले होते. शेवटी पूर्वीच्या नगरसेवकाकडं गेलो. भला माणूस. म्हणाला, "सर, मी आता माजी आहे, माझा फोन कोणी उचलत नाही." ज्याला पाच वर्षांनी माझ्या दारात यावं लागतं, त्याचा फोन उचलला जात नव्हता. ज्याला माझ्या दारात कधीच यायचं नाही, तो ६० हजार कोटींच्या याद्या करत होता. वर मोठा कौल आणि खाली कोणीच नाही, अशा रचनेला काय म्हणायचं? फ्रान्सबद्दल तोकव्हिल हेच सांगत होता. मधल्या संस्था पोखरल्या की वर फक्त सरकार उरतं आणि खाली सुटी-सुटी माणसं.

निकालानंतरचं आमचं भाष्य मी जमेल तेवढं वाचलं. हिंदू मतांची एकजूट, संघाचं शांत काम, बहिणींचे आशीर्वाद, पुढचे पंचवीस वर्षांचे बेत, सगळं होतं. महापालिकांबद्दल जिथं काही होतं तिथं ते एवढंच होतं, की आता मुंबईही जिंकायची. मुंबईकराला आपला नगरसेवक परत कधी मिळणार, हे विचारणारा लेख माझ्या वाचनात आला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या वाचनात आला असेल तर मला आणून द्या, मी पुढच्या वेळी इथूनच चूक कबूल करीन.

वेळ झालीय. मागच्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करून आहेत आणि चेहऱ्यावरून रागावलेले दिसतात. त्यांनाच आधी माइक द्या.