दहा चुका की एक?

‘प्रिय बाई’ हे पुस्तक अनेक मराठी शिक्षकांच्या परिचयाचे आहे. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरवस्तीवरील आठ मुलांनी, पाद्री लोरेंझो मिलानी यांच्या शाळेत बसून, नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले हे पत्र १९६७ साली प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याचा मुलगा नापास होतो आणि डॉक्टरचा पुढे जातो, एवढी तक्रार करून ही मुले थांबली नाहीत. त्यांनी आकडे गोळा करून ते सिद्ध केले. या कामाबद्दल इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पुस्तकाचा गौरव केला होता!

शिक्रापुरात हे वाचताना पत्ता आपलाच वाटतो. सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांमुळे इथल्या वर्गांत मराठवाड्यातली मुले येतात, बिहारमधलीही. कोणी जूनमध्ये, कोणी दिवाळीनंतर. शिक्षणहक्क कायद्यामुळे २०१० पासून आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला ‘नापास’ परत आला.

पुस्तकाशी आमचे एका ठिकाणी पटत नाही. त्यातल्या बाई अगदीच कोरड्या आहेत. आमच्या ओळखीचे शिक्षक असे नाहीत. निकालाच्या दिवशी कोणी चिडतो, ‘एवढे शिकवले तरी!’ म्हणतो, कोणाला जेवण जात नाही, कोणी गुपचूप दोन गुण वाढवतो. भावना खऱ्याच. पण राग काय आणि कणव काय, दोघांचे डोळे बेरजेच्या आकड्यावर असतात, उत्तरांवर नाही. म्हणूनच फ्रेंचचा पेपर अपवादात्मक शब्दांनीच कसा भरला होता, हे मुले दाखवतात तो भाग आम्हाला सर्वांत जमलेला वाटतो. तिथे त्यांनी पेपरच वाचला आहे.

हातच्याच्या वजाबाकीची दहा गणिते घ्या. एका मुलाने ४२ − १७ चे उत्तर ३५ लिहिले, ६३ − २८ चे ४५. असेच शेवटपर्यंत. गुण शून्य, शेरा ‘काहीच येत नाही’. पण मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा नियम त्याने दहाही वेळा चोख पाळला आहे! चूक एकच आहे, दहादा केलेली. ‘लहानातून मोठी जात नाही’ हे वाक्य पहिली-दुसरीच्या वर्गांत सर्रास ऐकू येते, तिथून ती आली असणे अगदी शक्य आहे. ‘हे कसे काढलेस रे?’ एवढे विचारले की तो स्वतःच सांगतो. मग काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवून सतरा मागाव्यात. गठ्ठा सोडावा लागतो हे त्याच्या हातांनाच कळते. निकालानंतर फेरपरीक्षेपर्यंत नियमाने दोन महिन्यांची मुदत आहे.