हौस, व्यासंग आणि स्मृती : सुपरहिरो-कॉमिक्स व रहस्यकादंबरीच्या हौशी समीक्षेचे स्वरूप

‘हौस’ आणि ‘व्यासंग’ हे मराठीतील दोन शब्द वाचनाच्या संदर्भात दोन वेगळ्या पायऱ्या सुचवतात. हौशीमागे निव्वळ आवड असते. व्यासंगात त्या आवडीला शिस्त लागलेली असते. विद्यापीठीय समीक्षा स्वतःला व्यासंगाच्या बाजूस धरते आणि हौशी परीक्षणांना फार तर लोकाभिरुचीचा पुरावा मानते. तौलनिक साहित्याभ्यासातही अशा लेखनाची नोंद बहुधा ग्रहणमीमांसेचा कच्चा माल म्हणूनच होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक वाचकांनी सुपरहिरोंची कॉमिक्स, त्यांवर बेतलेल्या दूरचित्रवाणी मालिका आणि रहस्यकादंबऱ्या यांविषयी फावल्या वेळात, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहिले. या लेखनाच्या बाबतीत पुराव्याची ही भूमिका अपुरी ठरते. त्याला स्वतःची पद्धती होती, मूल्यनिकष होता आणि त्या निकषाने समीक्ष्य साहित्यप्रकाराची घडणही बदलली. स्मृती हा तो निकष होय. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा यांचा विचार येथे केला आहे.

१

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्या अंकाची किंमत दहा सेंट होती. मुलाच्या खिशाला परवडणारी आणि वाचून झाल्यावर फेकून दिली जाणारी वस्तू, हेच कॉमिक्सचे सामाजिक स्थान होते. १९५४ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झाले. बालगुन्हेगारीचा संबंध कॉमिक्सशी जोडणाऱ्या या ग्रंथाने आधीच पेटलेल्या वादात भर घातली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. त्यामुळे त्यानंतरच्या काळात प्रौढ वाचकाने कॉमिक्सविषयी गांभीर्याने लिहिणे हे केवळ अभिरुचीचे विधान राहिले नव्हते; त्याला बचावाचेही परिमाण होते.

१९६० साली डिक आणि पॅट लुपॉफ या दांपत्याने ‘झीरो’ हे हौशी नियतकालिक सुरू केले आणि त्यातून १९४० च्या दशकातील कॉमिक्सवर लेखमाला चालवली. १९६१ मध्ये वेन स्टेट विद्यापीठातील विज्ञानाचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर-इगो’ काढले. त्यांचे सहकारी रॉय थॉमस हे तेव्हा तरुण शिक्षक होते. विज्ञानकथेच्या वाचकांत अशा ‘फॅनझिन’ची परंपरा १९३० च्या दशकापासून रुजलेली होती. १९३२ साली तसे एक नियतकालिक काढणाऱ्यांपैकी ज्युलियस श्वार्ट्झ हे पुढे कॉमिक्सचे संपादक झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पत्रसदरांत पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला प्रारंभ केला आणि विखुरलेले वाचक परस्परांना सापडले. या समीक्षेची पायाभूत व्यवस्था एवढीच होती : पत्ता, टपाल आणि घरगुती छपाईचे यंत्र. तिच्या गुणवत्तेची दखल अखेर वर्थम यांनाही घ्यावी लागली. १९७३ साली त्यांनी ‘द वर्ल्ड ऑफ फॅनझिन्स’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात या नियतकालिकांविषयी आस्था प्रकट केली.

२

या लेखनाची सैद्धांतिक बाजू स्पष्ट होण्यासाठी ते उम्बर्टो इको यांच्या सुपरमॅनवरील १९६२ सालच्या निबंधाशेजारी ठेवून पाहावे लागते. इको यांच्या मते सुपरमॅनच्या कथांत काळ पुढे सरकत नाही. मिथकातील नायक अपरिवर्तनीय असावा लागतो, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या कथेत दरवेळी नवे काही घडावे लागते. हा पेच सोडवण्यासाठी प्रत्येक कथा जणू आधी काही घडलेच नाही अशा स्वप्नवत वातावरणात सुरू होते आणि नायकाचे आयुष्य खर्ची पडत नाही. आधी काय घडले आणि नंतर काय, याचे भान वाचकाला उरत नाही. किंबहुना ते न उरण्यावरच या कथांचा डोलारा उभा असतो, हे इको यांच्या विवेचनाचे मर्म आहे.

नेमक्या त्याच सुमारास हौशी समीक्षक याच्या उलट दिशेने काम करत होते. कोणत्या अंकात काय घडले, कोणते पात्र प्रथम कधी आले, एका कथेतील विधानाला दुसरी कथा कोठे छेद देते, याच्या सूच्या ते तयार करत होते. इको यांनी वर्णिलेला वाचक विस्मरणशील आहे. ‘ऑल्टर-इगो’चा वाचक काही विसरायला तयार नाही. दोघांसमोरचा साहित्यप्रकार एकच आहे, मात्र वाचनाचा एकक भिन्न आहे. इको एक कथा आणि तिची पुनरावृत्त होणारी रचना पाहतात, तर हौशी समीक्षक शेकडो अंकांची मिळून एकच संहिता मानतो. सिद्ध आणि पूर्ण कृतीवर पोसलेल्या समीक्षेकडे अशा कधीही पूर्ण न होणाऱ्या क्रमशः संहितेसाठी साधनेच नव्हती. ती हौशी समीक्षेने घडवली.

या वाचकाची चाहूल खुद्द कथेतही लागते. सप्टेंबर १९६१ च्या ‘द फ्लॅश’च्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या कथेत १९५६ साली नव्याने निर्माण झालेला फ्लॅश १९४० च्या मूळ फ्लॅशला भेटतो. हा नवा नायक बालपणी जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचणारा आहे, म्हणजे नायकच वाचक आहे आणि त्याची स्मृती हेच कथानकाचे इंधन आहे. १९६५ मध्ये रॉय थॉमस ‘मार्व्हल’मध्ये लेखक म्हणून दाखल झाले, तेव्हा वाचकाची स्मृती निर्मात्याच्या टेबलापर्यंत पोहोचली. १९७३ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये ग्वेन स्टेसीचा मृत्यू घडला आणि तो कथेच्या पुढील प्रवासात टिकून राहिला. इको यांचे वर्णन चुकीचे नव्हते; पण काळाचा हिशेब ठेवणारा वाचक मान्य झाल्यावर ते पूर्वीइतके लागू पडेनासे झाले.

३

स्मृती हा निकष मानला की दोन धोके संभवतात. पहिला धोका दूरचित्रवाणीच्या संदर्भात उघड झाला. जानेवारी १९६६ पासून १९६८ पर्यंत ‘बॅटमॅन’ मालिकेचे १२० भाग प्रसारित झाले. भडक रंग, मारामारीत पडद्यावर उमटणारे ध्वनिवाचक शब्द आणि नायकाची अतिगंभीर भाषा यांमुळे सर्वसामान्य प्रेक्षकाची करमणूक झाली. सुसान सोनटॅग यांनी १९६४ च्या निबंधात ज्या ‘कॅम्प’ अभिरुचीचे विश्लेषण केले होते, तिचे हे लोकप्रिय रूप होते. हौशी समीक्षकांपैकी अनेकांना मात्र ही थट्टा जिव्हारी लागली. खरा बॅटमॅन १९३९ मधला, रात्रीचा आणि भयाचा, अशी त्यांची धारणा होती. वस्तुतः १९५० च्या दशकातील बॅटमॅनच्या कॉमिक्समध्ये परग्रहवासी आणि विचित्र रूपांतरे यांची रेलचेल होती; त्या बॅटमॅनपासून ही मालिका फारशी दूर नव्हती. मूळाशी निष्ठा हा निकष लावताना कोणते मूळ, हा प्रश्न स्मृतीने परस्पर निकालात काढला होता. या स्मृतीने अनेक अंक जपले होते, पण ‘मूळ’ ठरवताना त्यांतले मोजकेच निवडले होते.

दुसरा धोका अधिक खोल आहे. १९८१ पासून थॉमस यांनी ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’मध्ये चार दशकांपूर्वीच्या कथांतील विसंगती सांधणाऱ्या नव्या कथा लिहिल्या. येथे समीक्षकाचे टिपणच कथावस्तू झाले. त्यातील बौद्धिक आनंद नाकारता येत नाही. पण ‘हे आधीच्याशी जुळते काय?’ हा प्रश्न मोठा झाला की ‘याला अर्थ काय?’ हा प्रश्न मागे पडतो आणि नवा वाचक उंबरठ्यावरच थांबतो. १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या मालिकेतून प्रकाशकालाच साचलेला भूतकाळ पुसावा लागला, हे या निकषाच्या अतिरेकाचे बोलके उदाहरण होय. १९७६ पासून ‘द कॉमिक्स जर्नल’ने कॉमिक्सला इतर कलांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा कठोर पवित्रा घेतला, त्याचीही पार्श्वभूमी हीच आहे.

४

रहस्यकादंबरीच्या हौशी समीक्षेसमोरची अडचण याच्या उलट आहे. कॉमिक्सचा समीक्षक सर्व काही आठवून सांगतो. रहस्यकादंबरीच्या समीक्षकाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट आठवत असूनही सांगता येत नाही. शेवट न उघडता मूल्यमापन करण्याच्या या बंधनाची विद्यापीठीय समीक्षेला सवय नसते. एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये अगाथा ख्रिस्तींच्या कादंबरीच्या नावावर कोटी करत खुनी कोण याची पर्वा कोणाला, असा प्रश्न केला. उत्तर उघड होताच कादंबरी निःसत्त्व होते, हे त्यामागचे गृहीतक होते.

त्याचे उत्तर हौशी समीक्षेने वादापेक्षा व्यवहाराने दिले. १९६७ मध्ये ॲलन ह्युबिन यांनी ‘द आर्मचेअर डिटेक्टिव्ह’ हे नियतकालिक घरून सुरू केले आणि पुढे गुन्हेकथेची विस्तृत सूची सिद्ध केली. १९७१ मध्ये इतिहासकार जाक बार्झन आणि त्यांचे मित्र वेंडेल टेलर यांचा ‘अ कॅटलॉग ऑफ क्राइम’ प्रसिद्ध झाला. आयुष्यभराच्या छंदातून जमलेल्या त्या हजारो नोंदी मोजक्या शब्दांच्या आहेत. सुगावे प्रामाणिकपणे पेरले आहेत काय, परिसर जिवंत आहे काय, तर्क टिकतो काय, याच कसोट्या तेथे फिरून फिरून येतात. खुनी ठाऊक असतानाही या कसोट्या लागू पडतात, म्हणजेच त्या पुनर्वाचनाच्या कसोट्या आहेत. शेवट न सांगण्याच्या शिष्टाचारातून रचनेविषयी बोलण्याची परिभाषा निर्माण झाली, ही या परंपरेची खरी कमाई होय.

५

मराठीच्या संदर्भात येथे दोन तुलना उद्‌बोधक ठरतात. १९५४ साली निघालेले ‘शब्द’ हे लघुनियतकालिकही घरगुती, चक्रमुद्रित साधनांवर उभे होते. पण तेथे ते साधन प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध नव्या निर्मितीसाठी वापरले गेले. ‘ऑल्टर-इगो’त तशाच साधनाने तुच्छ मानल्या गेलेल्या जुन्या निर्मितीचे जतन केले. साधनातील साम्यावरून चळवळींचे साम्य गृहीत धरता येत नाही. दुसरी तुलना बाबूराव अर्नाळकरांची. त्यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा मराठी वाचकाने मोठ्या प्रमाणावर वाचनालयांतून आणून वाचल्या आणि परत केल्या. दहा सेंटांचा अंक वाचकाच्या घरात राहू शकत होता. वर्गणीवर आणलेले पुस्तक राहत नव्हते. स्मृतीवर आधारलेली समीक्षा संग्रहाशिवाय उभी राहणे कठीण असते. म्हणून तिच्या अभावाचा संबंध वाचकाच्या बुद्धीशी जोडण्यापूर्वी ग्रंथव्यवहाराकडे पाहणे आवश्यक ठरते.

हौशी समीक्षेला व्यासंगाचा दर्जा द्यावा की नाही, हा प्रश्न तिच्या विषयाच्या प्रतिष्ठेवरून सुटणारा नाही. क्रमशः चालणाऱ्या, अनेकांच्या हातून घडणाऱ्या संहितेचे वाचन कसे करावे आणि उत्तर झाकून ठेवूनही रचनेचे मूल्य कसे सांगावे, या दोन प्रश्नांना तिने प्रत्यक्ष लेखनातून उत्तरे दिली. तिची चूक झाली ती स्मृती आणि मूल्य यांना एकच मानण्यात. तिच्याकडे समीक्षा म्हणून पाहिले तरच ही चूकही चर्चेचा विषय होऊ शकते. केवळ पुरावा मानलेल्या लेखनाशी वाद घालता येत नाही.