'विसावा' आणि 'मुक्काम': मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका संज्ञेचा विचार

मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्याची जी काही समीक्षा झाली आहे, तिच्यात ईश्वराच्या ठायी मिळणारी शांती ही बहुधा सिद्ध गोष्ट म्हणून गृहीत धरली जाते. कवीला शांती लाभली आणि म्हणून त्याची कविता प्रासादिक झाली, असा या विवेचनाचा क्रम असतो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यासंबंधी तर तो रूढच झाला आहे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. तिच्या आधारे त्यांच्या धर्मांतराकडे वारकरी भक्तीची स्वाभाविक परिणती म्हणून पाहिले जाते. या वाचनात सेतू दिसतो, पैलतीरही दिसतो. वाहणाऱ्याच्या खांद्यावरील ओझे मात्र दिसेनासे होते.

ते पाहावयाचे तर आरंभ एका शब्दापासून करावा लागतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी कष्टी आणि भाराने वाकलेल्या लोकांना ख्रिस्ताने आपल्याकडे बोलावले आहे. त्यांना जे देऊ केले आहे, त्यासाठी प्रचलित मराठी भाषांतरात 'विसावा' हा शब्द योजलेला आहे. 'मोक्ष' किंवा 'समाधी' यांसारख्या शब्दांना जो दार्शनिक इतिहास आहे, तो या शब्दाला नाही. त्याचा वावर वाटेवरचा आहे. पालखीचा दुपारचा विसावा वेगळा आणि रात्रीचा मुक्काम वेगळा. अंत्ययात्रेत तिरडी क्षणभर खाली टेकवून खांदेकरी बाजू बदलतात, ती जागाही विसाव्याचीच. या सर्व उपयोगांत ओझे पुन्हा उचलावयाचे आहे, हे अनुस्यूत असते. मूळ उताऱ्यातही विसाव्याच्या आश्वासनापाठोपाठ जू मानेवर घेण्याची आज्ञा येते. जू सोयीचे आहे, पण ते जूच आहे. मराठी शब्दाने या उताऱ्यातील ताण नेमका पकडला आहे, असे म्हणता येईल.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मात्र विचार निराळा आहे. सातव्या दिवशी ईश्वराने आपल्या कृत्यांपासून घेतलेली विश्रांती आणि तीत प्रवेश करण्याचे अद्याप उरलेले वचन, हा तेथील विषय. ग्रीक संहितेत दोन्ही स्थळी शब्द भिन्न आहेत: मत्तयात 'अनापाउसिस' या धातुकुलातील, तर इब्रीपत्रात 'कातापाउसिस'. पहिल्यात श्रमातून उसंत मिळण्याचा भाव आहे, दुसऱ्यात निवासाचा. प्रचलित मराठीत दोहोंसाठी 'विसावा' येतो आणि वाटेवरची उसंत व अखेरचा मुक्काम एकाच नावाने ओळखले जातात. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या वाचनात जो गोंधळ आढळतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

टिळकांचे चरित्र या भेदाच्या प्रकाशात वाचले, तर रूढ क्रम टिकत नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो मुक्काम असता, तर १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्याची निकड त्यांना का भासावी? ज्याला शांती मिळाली, त्यालाच पुन्हा निघावे लागले. शिवाय एकाचा विसावा दुसऱ्याच्या खांद्यावर पडू शकतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) याची साक्ष देतात. पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, आप्तांची भीती आणि सोवळ्याओवळ्याची ओढाताण त्यांनी विनोदाच्या अंगाने सांगितली आहे. पण विनोदाने भार हलका होतो, नाहीसा होत नाही. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्मिला आहे, हे त्यांना उमगल्याचा प्रसंग या ग्रंथाचा कणा आहे. तेथे त्या एक ओझे टाकतात आणि पुढे प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेत दुसरे उचलतात. पतीचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण करणे हेही अशाच उचललेल्या ओझ्यांपैकी एक होय.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण चंद्रपूरशी संबंधित आहे. तत्कालीन चांदा येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते आणि नेहेम्या (पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री) गोरे यांनी तेथे काही काळ काम केले. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहिणाऱ्या या पंडिताला शंकांनी आयुष्यभर सोडले नाही. काउलीच्या बंधुसंघात उमेदवार म्हणून राहूनही कायमची व्रते त्यांनी घेतली नाहीत. विसावा म्हणजे शंकानिवृत्ती, असे मानले तर गोरे अपयशी ठरतात. विसावा म्हणजे जू मानेवर असताना चालत राहण्याचे बळ, असे मानले तर १८९५ मध्ये संपलेले त्यांचे जीवन त्या शब्दाचे कठोर, पण खरे भाष्य ठरते.

प्रदेशाचाही येथे प्रश्न आहे. १९८२ पर्यंत एकच असलेल्या चंद्रपूर–गडचिरोली या वनप्रदेशात डोईवरचा लाकडांचा भारा, कावड आणि धानाच्या बांधीतील जू या वस्तू रूपक होण्यापूर्वी रोजच्या आहेत. भारा उतरविणे ही तेथे प्रथम शरीराची गोष्ट आहे. परंतु गोंडी वा माडिया बोलणाऱ्या श्रोत्यासाठी मराठी ही दुसरी भाषा आहे. पालखी आणि पंढरीचे सारे ध्वनी तिच्यासोबत त्याच्यापर्यंत पोहोचतीलच, असे नाही. म्हणून विसाव्याचा वारकरी अर्थ हाच मराठी ख्रिस्ती अनुभवाचा एकमेव अर्थ, असे समीक्षकाने धरून चालणे म्हणजे एका प्रदेशाचा अनुभव सर्वांवर लादणे होय.

ईश्वराशिवाय मन अस्वस्थ राहते, ही ऑगस्टीनची जाणीव ख्रिस्ती परंपरेत मूलभूत मानली जाते. मराठी साहित्याने तिला जोडलेली पुस्ती अशी, की ईश्वराच्या ठायी आल्यावरही एक अस्वस्थता उरते, आणि ती अश्रद्धेची खूण नसते. तिला वगळून केलेली समीक्षा कवीला संत करते. त्याची कविता मात्र वाचावयाची राहून जाते.